पंगतीतलं लेकरू



सप्ताहाचा शेवटचा दिवस तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. काल्याचं कीर्तन होतं, हंडी फुटते, दही-लाह्यांचा काला हातावर पडतो आणि सगळा गाव मंदिरापुढच्या मोकळ्या जागेत पंगतीला बसतो. पत्रावळी येतात, मग मीठ, मग वांग्याची भाजी, पोळी, वरण, शेवटी बुंदी. पहिल्या माणसाच्या पत्रावळीवर बुंदी पडते तेव्हा शेवटच्या ओळीत अजून भाजीसुद्धा पोचलेली नसते. या मधल्या वेळात आपण शेजारच्याशी सोयाबीनच्या भावाचं बोलत बसतो. पुढच्या वेळी तसं करू नका. जवळपास एखादं चार-पाच वर्षांचं लेकरू बसलेलं असेल, त्याच्याकडं बघा.

समोर पिवळीधमक बुंदी आहे. हात पुढं जातो. दोन दाणे चिमटीत येतात. मग ते आजीकडं बघतं, समोरच्या ओळीत बसलेल्या दुसऱ्या पोराकडं बघतं, त्या पोराचे हात मांडीवर असतात. याचाही हात मागं येतो. एखादा दाणा जातो तोंडात, नाही असं नाही. पण बाकीची बुंदी तिथंच राहते, जयघोष होईपर्यंत राहते. तेच लेकरू घरी डब्यातला लाडू दिसला तर आकांत करतं. मग पंगतीतच त्याच्या अंगात एवढा धीर कुठून येतो?

आम्ही कीर्तनकार इंद्रियनिग्रहावर तास-तास बोलतो. समोर टाळ्या वाजवणारे असतात पन्नाशीचे, साठीचे. त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, माझंही तसंच. निग्रहाचं बी पडतं वयाच्या तिसऱ्या ते सहाव्या वर्षी, आणि ते घराच्या उंबऱ्यात नि गल्लीत पडतं. म्हणून आज थोडं लेकरांवर बोलायचं आहे.

तान्ह्या बाळाला आवर नसतोच. भूक लागली की रडणं, हवं ते ओढणं. त्याचा आवर आईच्या हातात असतो. ती उचलते, थोपटते, झोळी हलवते, तेव्हा ते शांत होतं. रोज असं शांत होता होता शांत होण्याची वाट त्याला ठाऊक होते. पुढं ते चालायला लागतं, चुलीकडं धावतं, आणि आई म्हणते, "थांब, हात भाजंल." आता एक गंमत बघा. अडीच-तीन वर्षांचं पोर एकटं चुलीपाशी गेलं तर स्वतःच मोठ्यानं म्हणतं, "थांब, भाजंल!" कोणी तिथं नसतं. आईचा शब्द त्यानं उचलला आणि स्वतःलाच सांगितला. आणखी दोन-तीन वर्षांनी तो शब्द ओठांवरून आत जातो, मनातल्या मनात बोलला जातो. मोठ्या माणसाच्या आत जो 'थांब' म्हणणारा आवाज असतो ना, तो आधी कोणाचा तरी बाहेरचा आवाज होता. रशियातले वायगोट्स्की नावाचे एक अभ्यासक शंभर वर्षांमागं होऊन गेले, त्यांनी लेकरांच्या या स्वतःशी बोलण्याचा मोठा विचार करून ठेवलेला आहे. आता तुमच्या घरातला आवाज शिवीचा असेल, तर आत जाऊन काय बोलेल, ते मी सांगायला नको.

मी इंग्रजी शिकलेला माणूस नाही. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं चार वर्षं पाठांतर केलं, दारोदार माधुकरी मागितली, तेवढंच माझं शिक्षण. पण सून शिकलेली आहे. ती वाचते आणि मला सांगते. तिनं सांगितलेली एक हकिगत मी आता बऱ्याच कीर्तनांत सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया म्हणून प्रांत आहे. तिथल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल नावाच्या प्राध्यापकांनी १९६० नंतरच्या दशकात एक खेळ मांडला. चार-पाच वर्षांच्या लेकराला खोलीत बसवायचं. पुढं ताटलीत खाऊ ठेवायचा, साखरेची मऊ गोळी म्हणा. सांगायचं, "मी बाहेर जाऊन येतो. मी येईपर्यंत थांबलास तर दोन देईन. नाही थांबवलं तर ही एक खा." आणि दार लावून घ्यायचं. काही पोरांनी दार लागायच्या आत गोळी तोंडात टाकली. काहींनी नुसती चाटून ठेवली! काही मात्र थांबली. थांबणाऱ्यांनी काय केलं? एकानं डोळे झाकले, एक पाठ फिरवून बसलं, कोणी स्वतःशी गाणं म्हणायला लागलं. जे ताटलीकडं टक लावून बसलं त्याचं धैर्य लवकर सुटलं. खाऊ झाकून ठेवला तर पोरं जास्त वेळ थांबली.

माउली, पंगतीत वाढणं चाललेलं असताना आपण नामाचा जयघोष का करतो, याचं उत्तर मला सत्तर कीर्तनं करून सुचलं नव्हतं ते इथं सुचलं. देवाचं नाव घेणं तर आहेच. पण समोर अन्न आणि पोटात भूक असताना मन नुसतं पत्रावळीवर राहिलं तर हात आवरत नाही. मनाला दुसरीकडं न्यायला पाहिजे. आपल्या पूर्वजांनी त्याला नामाच्या खुंटीला बांधलं. जेवणाआधीचा श्लोक लेकरांना पाठ करून घेतात तोही त्याच कामाचा. तो घाईनं उरकू नका, लेकराला चाल लावून म्हणू द्या.

या खेळाचा पुढं लोकांनी भलताच अर्थ काढला. जे पोर थांबलं ते शहाणं, त्याचं भलं होणार. जे थांबलं नाही ते वाया गेलं, असा शिक्का. मी म्हणतो, चार वर्षांच्या जिवावर शिक्का मारणारे आपण कोण? २०१८ साली तिथल्याच दुसऱ्या अभ्यासकांनी नऊशेच्या वर मुलांचा हिशेब पुन्हा मांडला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, घरातलं वातावरण हे सगळं मोजलं, तेव्हा त्या थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराच फिका निघाला. म्हणजे बघायचं असेल तर पोराच्या ताटलीकडं बघून भागत नाही, त्याच्या घराकडं बघावं लागतं.

आणि घराकडं बघितलं की मला माझंच घर दिसतं.

थोरला मुलगा चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. माझं वय जोमाचं, गळा चालत होता, चातुर्मासात घरी पाय टिकत नव्हता. आज चिखलीकडं, उद्या मोताळ्याकडं. निघताना पोरगं धोतर धरायचं. मी म्हणायचो, "खामगावच्या बाजारातून तुले मोटर आणतो, उद्या आणतो." ती चावीची पत्र्याची मोटर. परत यायचो तेव्हा रात्र झालेली, बाजार उठलेला, कधी खिशात पैसे नसत, कधी खरं सांगायचं तर आठवणच नसे. सकाळी पुन्हा "उद्या". असं किती वेळा झालं, मोजलं नाही.

हळूहळू पोरगं बिघडलं. हातात पडलं ते लगेच तोंडात. बहिणीचा वाटा ओढून घ्यायचं. देवापुढचा गूळ लपवायचं. एकदा नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी आरती व्हायच्या आधी उचलली, आणि मी, लोकांना शांतीचं निरूपण सांगणारा माणूस, त्याला ओट्यावर आणून मारलं. शेजारी एक म्हातारी राहायची, सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. ती गोधडी शिवत बसली होती. तिनं सुईतून डोळा न काढता विचारलं, "महाराज, तुमच्या उद्याले काऊन कधी उद्या होत नाही?"

मला राग आला. उत्तर नव्हतं म्हणून जास्त आला.

दुसऱ्या दिवसापासून मावशीनं पोराला आपल्याजवळ बसवलं. चार भाजलेले शेंगदाणे गोधडीच्या कडेवर ठेवले आणि म्हणाली, "ही वळ पुरी झाली की तुहे." टाक्यांची एक ओळ म्हणजे वेळ किती? पोरगं दोन टाक्यांत चुळबुळायला लागायचं. ओळ पुरी झाली की ती लगेच द्यायची, एक क्षण उशीर नाही. पुढं ओळ झाली दोन ओळींची. मग ती त्याला दोरा ओवायला लावायची, उरलेल्या ओळी मोजायला लावायची. एके दिवशी शेंगदाणे संपलेले होते, तर तिनं आधीच सांगितलं, "आज नाहीत, आज नुसतं बस." पोरगं नुसतं बसलं. हे सगळं मी माझ्या ओट्यावरून पाहिलेलं आहे. त्या पावसाळ्याच्या शेवटी त्यानं बहिणीचा वाटा तिच्यासाठी फडक्यात बांधून ठेवला होता.

तेव्हा मला वाटलं, म्हातारीच्या हाताला गुण आहे. पुष्कळ वर्षांनी सुनेनं २०१३ साली छापलेला एक अभ्यास सांगितला तेव्हा गुण कशात होता ते कळलं. अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठात २८ लेकरं घेतली. मिशेलचा तोच खेळ, पण त्याच्या आधी दुसरा एक. लेकराला चित्र काढायला साधे, जुने खडू दिले आणि सांगितलं, "थांब, मी याच्यापेक्षा छान सामान आणते." १४ लेकरांना बाईनं खरंच छान सामान आणून दिलं. दुसऱ्या १४ जणांकडं ती हात हलवत परत आली, "माफ कर, नव्हतंच." मग खाऊचा खेळ. शब्द पाळलेली लेकरं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडलेली लेकरं तीन मिनिटं. पुरा पाव तास थांबणारी पहिल्या गटात नऊ निघाली, दुसऱ्यात एकच.

दोन्हीकडची लेकरं सारखीच होती बरं का. शब्द मोडला आणि एवढा फरक पडला. माझ्या पोराला तर मी महिनोन्‌महिने मोडका शब्द पाजला होता. जो 'उद्या' कधी येत नाही त्याच्यासाठी थांबायचं कशाला? हातात आलं ते खाऊन टाकणं हाच त्याच्या परीनं शहाणपणा होता, आणि मी त्या शहाणपणाबद्दल त्याला मारलं. मारल्यानं काय कळलं? बापाचा हात जोरात असतो, एवढंच कळलं. आवर कसा घालायचा ते कळलं नाही, कारण मी तो त्याला दाखवला नव्हता. माझाच हात आवरला नव्हता.

गरिबीचंही इथंच येतं. ज्या घरात आज पाऊस नाही, उद्या मजुरी नाही, तिथं आईबापाची दानत असूनही शब्द पाळता येत नाही. कपाशी बोंडअळीनं खाल्ली तर दिवाळीचा सदरा कुठून आणणार? त्यांना दोष देऊ नये. पण तिथंही एक करता येतं, जे मावशीनं केलं. नसेल त्या दिवशी आधी सांगायचं. मोटर आणतो म्हणू नये, आणि गोष्ट सांगतो म्हटलं तर ती सांगावीच. गोष्टीला पैसे लागत नाहीत.

आता पुन्हा पंगतीकडं येऊ. जपानमधे लेकरांना लहानपणापासून सवय असते की घरात, शाळेत सगळ्यांना वाढून होईपर्यंत घास घ्यायचा नाही. २०२२ साली जपानी आणि अमेरिकी लेकरांचा एक अभ्यास छापून आला. खाऊसाठी जपानी लेकरं खूप थांबली. पण बांधलेली भेटवस्तू समोर ठेवून उघडू नको म्हटलं, तर तिथं अमेरिकी लेकरं जास्त थांबली, कारण त्यांच्याकडं नाताळच्या भेटी दिवस येईपर्यंत झाडाखाली बांधून ठेवायची रीत आहे. ज्याला ज्या गोष्टीसाठी थांबायची घरात सवय, त्या गोष्टीसाठी तो थांबतो. आफ्रिकेत कॅमेरून देशात न्सो नावाचे शेतकरी लोक आहेत. त्यांच्या चार वर्षांच्या लेकरांपैकी शंभरातली सत्तरेक थांबली, आणि जर्मनीतल्या मुलांपैकी तीससुद्धा थांबली नाहीत. काही न्सो लेकरं तर थांबता थांबता झोपून गेली. आमच्या कीर्तनातही अशी मंडळी असतात, पण ती लहान नसतात.

मेहकर तालुक्यातला हिवरा आश्रम तुम्हांला माहीत आहे. शुकदास महाराजांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम. पौषात विवेकानंदांचा जन्मोत्सव होतो आणि शेवटी शेतात महापंगत बसते. पुरी नि वांग्याची भाजी. वाढायला ट्रॅक्टर फिरतात, ट्रॉलीतून पुऱ्या येतात, लाखाच्या वर माणूस जमिनीवर ओळीनं बसतं. तिथं कडेवरचं लेकरूसुद्धा बसतं. आई त्याला शिस्तीचं भाषण देत नाही. डावीकडं थांबलेले, उजवीकडं थांबलेले, पुढं नजर जाईल तिथवर थांबलेले. एवढी माणसं थांबलेली असताना थांबणं सोपं जातं, हे त्या लेकराला न सांगता समजतं. शेगावला महाप्रसादाच्या रांगेतही हेच. श्रींच्या दारी श्रीमंताचं पोर नि मजुराचं पोर एकाच रांगेत उभं असतं, आणि पाळी आली की दोघांनाही मिळतं. 'थांबलं की मिळतं' हा भरवसा रांगेत तयार होतो. जिथं ओळखीचा माणूस मधेच घुसवला जातो, तिथं लेकरू उलटंच शिकतं. वशिल्यानं दर्शन घेऊन पोराला शिस्त लावणाऱ्या बापांना मी कीर्तनात नाव न घेता बोलतो. ते समोरच बसलेले असतात.

नामदेवरायांची कथा आठवा. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे त्यांचं गाव मानतात. वडील दामाशेटी बाहेरगावी गेले, आई गोणाईनं लहानग्या नामदेवाच्या हातात नैवेद्य दिला आणि देवळात पाठवलं. देवानं खाल्लं ही कथा सगळे सांगतात, मीही सांगतो. पण देव जेवायच्या आधीचा वेळ कोणी सांगत नाही. भरलेलं ताट, एकटं पोर, बघायला कोणी नाही. त्याच्या मनात ताटाला हात लावायचा विचारही येत नाही, का? कारण रोज त्यानं बापाला देवापुढं ताट ठेवून थांबताना पाहिलं होतं. आणि दुसरं म्हणजे आईनं मोठ्या माणसाचं काम विश्वासानं त्याच्यावर सोपवलं होतं. लेकराला नुसतं "हात लावू नको" म्हटलं तर हात शिवशिवतो. "हे तू नेऊन दे" म्हटलं की त्याच हाताला जबाबदारी येते.

हे ज्यांनी शाळेत उतरवलं त्या ताराबाई मोडक. लग्नानंतर काही वर्षं त्या आपल्या वऱ्हाडात अमरावतीला राहिल्या होत्या. १९४५ साली बोर्डीला, आत्ताच्या पालघर जिल्ह्यात, त्यांनी आणि अनुताई वाघांनी खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं. लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा या बाया त्यांच्या वस्तीत, घराच्या अंगणात जाऊन बसल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. तिथं लेकरांना पाण्याचा पेला न सांडता न्यायला लावायचं, ताटल्या मांडायला लावायच्या, डोळे मिटून शांत बसायचा खेळ खेळायचा. पेला सांडू नये म्हणून जे पोर पाऊल जपून टाकतं, ते स्वतःला आवरायला शिकत असतं. पुढं २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर गेलं. तुमच्या गावची अंगणवाडी खिचडी वाटायची जागा आहे असं समजू नका. ताई तिथं हात धुवायला ओळ लावते ना, ती ओळ बघायला एकदा जा.

अंगणावरून गल्लीचं आठवलं. आमच्या लहानपणी चिंचेच्या झाडावर दगड मारला तर गल्लीतलं कोणीही कान धरायचं, आणि घरी सांगितलं तर घरचेही दुसरा कान धरायचे. कान धरणं चांगलं म्हणत नाही मी. पण सगळ्या गल्लीचा डोळा आमच्यावर होता. आता शेजारणीनं पोराला नुसतं "अरे, असं नको करू" म्हटलं, तर आई दारात येते, "माह्या पोराले बोलणारी तू कोण?" त्या दिवसापासून शेजारीण बोलत नाही. आणि तेव्हापासून त्या पोराचा एक ओटा बंद झाला. अमेरिकेत शिकागो शहरातल्या ३४३ वस्त्यांची पाहणी १९९७ साली छापली गेली. जिथं शेजारी एकमेकांवर विश्वास ठेवतात आणि कोणाचंही पोर चुकलं तर हटकतात, तिथं मारामाऱ्या कमी निघाल्या. वस्ती गरीब असली तरी. मावशीनं माझं पोर सावरलं ते मी तिला भांडायला गेलो नाही म्हणून. जायच्या बेतात होतो, हे कबूल करतो.

मोबाइलचं विचारता, म्हणून थोडं बोलतो. घास भरवताना लेकराच्या हातात मोबाइल दिला की ते गप बसतं, खरं आहे. पण ते थांबायला शिकत नाही. थांबायचा वेळच काढून घेतला जातो. आणि हे पोरांवर ढकलू नका. कीर्तन चालू असताना मागं बसून मोबाइल चाळणारे आजोबा मला मृदंगाच्या इकडून स्पष्ट दिसतात.

सप्ताहाच्या मंडळांना एक विनंती मात्र करतो. पंगतीत चार-पाच वर्षांच्या लेकरांना वेगळं बसवून आधी जेवू घालायची नवी पद्धत निघाली आहे, गोंधळ नको म्हणून. अगदी तान्ही, आजारी असतील तर घाला. बाकीच्यांना मोठ्यांच्या ओळीत, आजी-आजोबांच्या मधे बसवा. ओळ फार लांबवू नका, लेकराला अर्धा तास उपाशी बसवणं ही शिक्षा झाली. जरा मोठी, सहा-सात वर्षांची असतील त्यांच्या हातात मिठाचं भांडं द्या. मीठ वाढायला हलकं, आणि जास्त पडलं तर कोणी मरत नाही. आमच्या गावी गेल्या काल्याला माझा नातू मीठ वाढत होता. दोन ओळी वाढून झाल्यावर येऊन मला विचारतो, "आजोबा, मी केव्हा जेवू?" मी म्हटलं, "पुढच्या पंगतीला, माझ्याशेजारी." मला त्या दिवशी साखरखेर्ड्याला संध्याकाळचं कीर्तन होतं, गाडी दारात उभी होती, चालक घाई करत होता. मी धोतर सावरलं आणि दुसऱ्या पंगतीला जाऊन बसलो. शेजारी एक पत्रावळ त्याच्यासाठी धरून ठेवली. कीर्तनाला वीस मिनिटं उशीर झाला, मंडळानं बोल लावला, तो ऐकून घेतला.